दुसऱ्यांदा विकायला काढताना

ऑनलाइन विकायला ठेवलेली वस्तू सडत नाही आणि तिला गोदामाचं भाडंही पडत नाही. त्यामुळे तिचा खप थांबला तरी मालकाच्या ते लवकर ध्यानात येत नाही. 2020 आणि 2021 च्या टाळेबंदीत मराठीत घरबसल्या शिकायच्या वर्गांचं पीक आलं होतं : सुलेखन, संस्कृत संभाषण, वारली चित्रं, घरगुती बेकरी, मोडी लिपी. पहिले काही महिने बरी विक्री झाली, मग आठवड्याला एखादा, मग तोही नाही. व्हिडिओ मात्र जिथल्या तिथे आहेत, आणि मालकाला वाटत राहतं की एकदा नीट जोर लावला तर हे पुन्हा चालेल.

बऱ्याचदा ते खरंही असतं. जोर कुठे लावायचा याबद्दल मात्र दोन ठाम मतं ऐकू येतात. ती इथे एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मावशी साताऱ्याला राहते, इतिहास शिकवून निवृत्त झाली, तिचा मोडीचा ऑनलाइन वर्ग आहे. भाचा पुण्यात ऑनलाइन जाहिरातींचं काम करतो. दोघंही कल्पनेतली आहेत. त्यांचा वाद लिहून काढावासा वाटला, कारण मनापासून केलेलं कितीतरी काम आज केवळ चुकीच्या जागी मेहनत घेतल्यामुळे कुणापर्यंत पोचत नाही.

मावशी : माझं ठरलंय. सगळे व्हिडिओ नव्याने करायचे. तेव्हा मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून केले होते. मागे पंख्याची घरघर ऐकू येते. आता स्टुडिओ घ्यायचा, माईक चांगला, आणि बोरू कागदावर कसा फिरतो ते वरून दिसेल असा दुसरा कॅमेरा. मग विकायला काढू.

भाचा : किती दिवस लागतील?

मावशी : लागतील पाच-सहा महिने. पण माल चोख पाहिजे.

भाचा : पाच-सहा महिन्यांनी तुझ्याकडे सुरेख व्हिडिओ असतील आणि गिऱ्हाईक आजच्याइतकंच. मला सांग, पंखा ऐकू येतो म्हणून आजवर कुणी पैसे परत मागितले?

मावशी : नाही मागितले.

भाचा : मग पंख्याने विक्री थांबवलेली नाही. व्हिडिओ कसे आहेत हे घेतल्यानंतर कळतं. जो घेतच नाही त्याला पंखा ऐकू येणार कुठून? त्याला दिसतं फक्त विक्रीचं पान. त्यावर काय लिहिलंय? ‘मोडी लिपी : परिचय व अभ्यास’. खाली स्वर, व्यंजनं, बाराखडी, जोडाक्षरं, पत्रवाचन. ही झाली अनुक्रमणिका.

मावशी : काय शिकवणार ते सरळ सांगितलंय. त्यात वाईट काय?

भाचा : वाईट काही नाही. पण वाचणाऱ्याला त्यात स्वतःचं काम दिसत नाही. हे बघ, समजा महिन्याला हजार माणसं पानावर येतात आणि दहा घेतात. विक्री दुप्पट करायची तर एक तर दोन हजार माणसं आणायची, नाहीतर त्याच हजारांतली वीस घेतील असं करायचं. माणसं आणायला जाहिरातीवर दर महिन्याला पैसे जातात. पान एकदा नीट केलं की ते काम संपलं. लोक आधी जाहिरात वाढवतात आणि गळक्या पानावर आणखी माणसं ओततात.

मावशी : पान नीट करायचं म्हणजे मोठाली अक्षरं आणि लाल बटणं?

भाचा : नाही. आधी पैसे भरायची जागा बघ. पानावर किंमत आहे 1500. माणूस बटण दाबतो, नाव-पत्ता भरतो, आणि अगदी शेवटच्या पायरीला प्लॅटफॉर्म 18 टक्के जीएसटी चढवतो. झाले 1770. तो तिथून उठून जातो. बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची संस्था हेच मोजत असते. ऑनलाइन टोपलीत वस्तू टाकून पैसे न भरता निघून जाणाऱ्यांचं सरासरी प्रमाण त्यांच्या हिशेबात सत्तर टक्क्यांच्या आसपास येतं, आणि कारणांत वरचा नंबर शेवटी वाढलेल्या खर्चाचा.

मावशी : मग 1770 च लिही ना पहिल्यापासून.

भाचा : तेच म्हणतोय. बघ, व्हिडिओला हात न लावता पहिली दुरुस्ती झाली.

भाच्याचं इथवरचं म्हणणं मला पूर्ण पटतं. दुसऱ्यांदा बाजारात उतरताना कारागीर माणसाची पहिली ओढ कारागिरीकडेच जाते, कारण तिथे त्याला काय करायचं ते कळतं. विक्रीच्या पानाकडे तो बघत नाही. हा भित्रेपणा नव्हे. आपलं कौतुक आपण करू नये हा संस्कार आपल्याकडे खोल आहे, आणि पान लिहिणं म्हणजे स्वतःचं कौतुक असा समज आहे. प्रत्यक्षात पान दुसऱ्याच्या अडचणीबद्दल लिहायचं असतं.

मावशी : पण तू एक धरून चालतोयस की माल ठीकच आहे. मला माहितीय तो ठीक नाही.

भाचा : ठीक नसेल. पण नक्की कुठे, हे तुला आत्ता माहीत नाही. मी खेळतो त्या ऑनलाइन गेमची गोष्ट सांगतो. ‘फायनल फँटसी 14’. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने 30 सप्टेंबर 2010 ला बाजारात आणला आणि तो सपशेल पडला. लोकांनी इतकी नावं ठेवली की कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली आणि महिन्याची वर्गणी घेणं लांबणीवर टाकलं. डिसेंबरात नाओकी योशिदा नावाच्या माणसाकडे काम दिलं. त्याने आत उघडून बघितलं तर काय? खेळात एक फुलझाडाची कुंडी होती. ती काढायला संगणकाला सुमारे हजार पॉलिगॉन, म्हणजे आकृतीचे छोटे तुकडे, लागत होते आणि तिच्या रंगछटांसाठी दीडशे ओळींचा कोड होता. खेळणाऱ्याच्या पात्राला जेवढं तेवढंच त्या कुंडीला.

मावशी : कुंडी सुंदर असेल.

भाचा : अतिशय सुंदर. आणि बरीच माणसं एका जागी जमली की खेळ अडकायचा. तुझा स्टुडिओ ही ती कुंडी आहे, मावशी.

मावशी : (थोडं थांबून) बरं. मग त्या योशिदाने काय केलं? कुंड्या काढल्या आणि पान बदललं?

भाचा : नाही. खेळ मुळापासून नवा बांधला.

मावशी : म्हणजे मी म्हणते तेच केलं!

भाचा : पूर्ण ऐक. नवा बांधत असताना जुना चालू ठेवला आणि त्याचीही डागडुजी करत राहिला. खेळणाऱ्यांना ‘निर्मात्याचं पत्र’ लिहीत राहिला : अमुक तक्रार आली, ती या महिन्यात सुटेल, तमुक सुटणार नाही आणि का नाही. जानेवारी 2012 पासून जुन्या, पडलेल्या खेळाची वर्गणी घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी त्या काळात तीन महिने वर्गणी भरली त्यांना पुढे कायमची कमी दरात वर्गणी, आणि नव्या खेळाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं. नोव्हेंबर 2012 मध्ये जुना बंद केला, 27 ऑगस्ट 2013 ला नवा आणला. इतकी गर्दी झाली की सर्व्हर पुरेनात, म्हणून कंपनीने काही दिवस ऑनलाइन विक्रीच थांबवली.

मावशी : चालू विक्री थांबवली?

भाचा : हो. पैसे भरूनही आत जाता येत नाही अशी माणसं वाढवण्यापेक्षा विक्री थांबवलेली बरी.

मावशी : तू ही गोष्ट कुंडीसाठी सांगितलीस, पण मला त्यात पत्रं दिसली. तो माणूस नवीन गिऱ्हाइकांमागे धावला नाही. पडलेल्या खेळात जे टिकून होते त्यांच्याशी बोलत बसला. आपल्याकडे आजवर ज्यांनी वर्ग घेतला त्यांची यादी आहे ना?

भाचा : आहे. सगळ्यांना एक ईमेल टाकतो, ‘नवी आवृत्ती येतेय, खास सवलत’...

मावशी : ईमेल नको, फोन. आणि विकायचं नाही. तीनच प्रश्न विचारायचे. तुम्ही नेमका कोणता कागद वाचायचा म्हणून वर्ग घेतला? कितव्या धड्याला थांबलात? पैसे भरण्याआधी कशासाठी अडला होतात? आणि मग गप्प बसून ऐकायचं. तुला गप्प बसणं जमत नाही, म्हणून फोन मी करीन.

या लेखात मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, ती मावशीने सांगितली. दुसऱ्यांदा विकणाऱ्याकडे पहिल्यांदा विकणाऱ्याकडे नसलेली एक गोष्ट असते : पैसे मोजलेली माणसं. त्यातली काही शेवटपर्यंत गेली, बरीच मधेच थांबली. कुठे थांबली त्यावरून माल कुठे दुरुस्त करायचा ते कळतं. का घेतलं हे ती ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द उचलून विक्रीच्या पानावर ठेवायचे असतात. ही यादी बाजूला ठेवून नवं नाव, नवी चित्रं आणि नवी जाहिरात यांवर खर्च करणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं.

मोडीच्या बाबतीत तर ‘कोणता कागद’ या एका प्रश्नाने सगळं बदलतं. मावशीचा वर्ग पेशवेकालीन पत्रांवर बेतलेला. ते स्वाभाविकच होतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, गोविंद सखाराम सरदेसायांनी 1930 पासून त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले, इतिहासाच्या माणसाचं शिक्षण याच कागदांवर होतं. पण आता मोडी शिकायला येणारा माणूस कोण आहे? सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठा कुटुंबांना कुणबी जातीचे दाखले देता यावेत म्हणून गावोगावी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतून, शाळांतून जुनी दप्तरं बाहेर निघाली, आणि ती वाचायला माणसं मिळेनात. जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचकांना बोलावणी गेली. ज्यांनी मोडी हा शब्द फक्त पाठ्यपुस्तकात वाचला होता, ते आजोबा-पणजोबांची नोंद शोधत फिरू लागले.

भाचा : मी पानावर आलेल्यांनी शोधताना काय टाइप केलं होतं ते काढलं. ‘पेशवेकालीन मोडी’ क्वचित. ‘कोतवाल बुक मोडी’, ‘गाव नमुना 14 कसा वाचायचा’, ‘जुना खासरा वाचन’ हेच जास्त.

मावशी : मी यादीतल्यांना फोन केले, तिथेही तेच. एकजण म्हणाला, मॅडम, तुमचं पत्रवाचन फार छान, पण माझ्याकडे जन्म-मृत्यूच्या रजिस्टरचं, म्हणजे कोतवाल बुकाचं, एक पान आहे आणि त्यातलं मला काहीच लागत नाही. लागणार कसं? मी त्याला शिकवलेलं वळण सुबक दरबारी लेखनिकाचं. त्याच्याकडचं पान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, गावातल्या कारकुनाने घाईघाईत भरलेलं. आडवी रेघ आधी पानभर ओढलेली, तिला अक्षरं टांगलेली, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘र’ तर तीन-चार तऱ्हांनी. रकाने छापलेले, त्यात गावाचं नाव, बापाचं नाव, जात, सगळं आखूड करून कोंबलेलं.

भाचा : आणि थांबतात कुठे लोक?

मावशी : बाराखडीत. तिथेच दम जातो. काना लागला की अक्षराचा आकारच बदलतो, हे एकदम अंगावर येतं. मला वाटत होतं जोडाक्षरांत अडत असतील.

भाचा : मग आता सांग, सगळे व्हिडिओ बदलायचे की...

मावशी : बाराखडीचे धडे मोडून लहान करायचे. आणि नवा भाग जोडायचा, रजिस्टर वाचनाचा. पेशवेकालीन पत्रं राहू देत, ती पुढच्या पायरीला. पंखा राहिला तरी चालेल.

भाचा : आता पानाची पहिली ओळ मी लिहितो. ‘सात दिवसांत मोडी! तुमच्या पणजोबांची नोंद शोधा, हक्काचा दाखला मिळवा.’

मावशी : हे पान माझ्या नावाने लागणार नाही.

भाचा : का? लोकांना तेच हवंय.

मावशी : लोकांना हवंय म्हणूनच. दाखला देणारी मी कोण? जातीचा दाखला प्रांताधिकारी देतो, मग पडताळणी समिती बघते. मी फक्त वाचायला शिकवते. त्या कागदावर माणसाच्या मुलांच्या शिक्षणाची, नोकरीची आशा असते. वर्ग केला की दाखला मिळेल असा वास जरी त्या ओळीला आला, तरी मी ती फसवणूक समजेन. आणि सात दिवसांत मोडी येत नाही. रोज पाऊण तास बसलं तर दोन महिन्यांत रजिस्टर लागायला लागतं.

भाचा : दोन महिने म्हटलं की अर्धे पळतील.

मावशी : पळू दे. जे सात दिवस समजून येतील ते आठव्या दिवशी पैसे परत मागतील. आणखी एक लिही. कागद मराठवाड्यातला असेल तर आधी बघून घ्या, निजामाच्या अमलातली दप्तरं उर्दूत असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर हा वर्ग घेऊन उपयोग नाही.

भाचा : मावशी, आलेलं गिऱ्हाईक पानावरूनच परत पाठवायचं?

मावशी : ज्याला माझा माल कामाचा नाही त्याला विकून मी काय मिळवणार? तूच म्हणालास ना, आत जाता येत नाही अशी माणसं वाढवू नयेत म्हणून.

भाचा : (हसून) ते सर्व्हरबद्दल होतं. पण ठीक. परतावे कमी होतील हे खरंय. आणि असं स्पष्ट लिहिलेलं वाचून बाकीच्यांचा विश्वास बसतो, हाही अनुभव आहे. मात्र मुदत मी सोडणार नाही. मुदत नसली की माणूस ‘घेऊ पुढच्या महिन्यात’ म्हणतो आणि तो महिना येत नाही. पानावर घड्याळ लावू, ‘सवलत संपायला अमुक तास’.

मावशी : ते घड्याळ मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी पान उघडलं की परत तेवढेच तास.

भाचा : सगळेच लावतात.

मावशी : सगळे लावतात म्हणून तर सरकारला नियम करावा लागला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार दिलेत, पहिलाच खोट्या घाईचा. तू म्हणालास ते शेवटच्या पायरीला किंमत वाढवणंही त्यात आहे.

भाचा : तू हे वाचून ठेवलंयस?

मावशी : पैसे घेते लोकांकडून, वाचायला नको?

भाचा : बरं, घड्याळ नको. पण खरी मुदत असेल तर?

मावशी : खरी म्हणजे?

भाचा : फोनवर तुला लोक काय म्हणाले? बाराखडीत अडले आणि विचारायला कुणी नव्हतं. सायन्स या नियतकालिकात 2019 मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास आला होता. नाव नोंदवणाऱ्या शंभरातले पाचही पूर्ण करत नव्हते. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केली त्यांच्यातही निम्म्याच्या आसपासच. नुसते व्हिडिओ ठेवले तर जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठांची ही गत. तू लोकांनी वाचलेली पानं तपासून देशील का?

मावशी : देईन. मोडी तशीच येते. चूक दुसऱ्याने दाखवल्याशिवाय डोळा बसत नाही.

भाचा : एका वेळी किती जणांची?

मावशी : तीस. त्यापुढे मी नुसत्या टिकमार्का करीन.

भाचा : झालं तर मग. तीस जागा. या तारखेला सुरू, त्या तारखेला नोंदणी बंद, पुढची तुकडी दोन महिन्यांनी. एकतिसावा आला तर त्याला खरंच ‘पुढच्या वेळी’ म्हणायचं. ही मुदत खोटी नाही, कारण तुझे हात दोनच आहेत.

मावशी : हे मला चालेल. आणि तपासणीचे पैसे वेगळे घे. नुसते व्हिडिओ ज्याला हवेत त्याला 1770 त मिळू देत. तपासणीला वेळ माझा जातो, त्याची किंमत जास्त हवी.

या ठिकाणी मला भाच्याची बाजू घ्यावीशी वाटते. मुदत, मर्यादित जागा, दोन किमती या गोष्टींना फसवणुकीचा वास येतो, कारण त्यांचा वापर फसवायला फार झाला. पण ती हत्यारं मुळात वाईट नाहीत. शाळेचे प्रवेश ठरल्या तारखेला बंद होतात, कार्यक्रमाची तिकिटं संपतात, आणि त्यामुळेच माणूस उठून निर्णय घेतो. मुदतीच्या मागे खरं कारण असेल आणि ते कारण पानावर लिहिलेलं असेल, तर विक्रेत्याने संकोच करू नये.

मावशी : आता जुन्या लोकांचं. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांना नवा रजिस्टर वाचनाचा भाग फुकट.

भाचा : फुकट कशाला? निम्म्या किमतीत देऊ. जुनं गिऱ्हाईक परत घेतं हीच तर पुन्हा बाजारात येण्याची खरी कमाई.

मावशी : जो बाराखडीत अडला तो माझ्यामुळे अडला. त्याच्याकडून पुन्हा पैसे मागू?

भाचा : तपासणीचे माग.

मावशी : तपासणी हवी असेल तर तेवढ्याचे, तेही कमी. धडे फुकट. आणि जुने व्हिडिओ काढून टाकायचे नाहीत. काहीजण अजून हळूहळू तेच बघतायत.

भाचा : दोन-दोन आवृत्त्या सांभाळायच्या? लोक गोंधळतील.

मावशी : तुमच्या धंद्यात असं कुणीच करत नाही?

भाचा : (नाइलाजाने) करतात. बेसकॅम्प म्हणून एक आहे, कामाची आखणी करायचं ऑनलाइन साधन. 2004 मध्ये आलं. 2012 मध्ये नव्याने लिहिलं, 2015 मध्ये परत. प्रत्येक वेळी जुन्या गिऱ्हाइकांना सांगितलं, तुम्हाला आवडतंय ते वापरत राहा, बंद करणार नाही. नव्यात यायचं तर या.

मावशी : आणि कंपनी बुडाली?

भाचा : नाही बुडाली. उलट जुनं बंद करून नवं लादणारी बुडाली. डिग नावाची साइट होती, लोक बातम्या टाकायचे आणि मतं देऊन वर चढवायचे. ऑगस्ट 2010 मध्ये एका रात्रीत नवं रूप आणलं. नावडती बातमी खाली ढकलायचं बटण गेलं, मोठ्या प्रकाशकांच्या बातम्या आपोआप यायला लागल्या. रोजची माणसं इतकी चिडली की त्यांनी डिगचं पहिलं पान रेडिट या प्रतिस्पर्धी साइटच्या दुव्यांनी भरून टाकलं, आणि मग तिकडेच गेली. दोन वर्षांत डिगचं नाव आणि साइट पाच लाख डॉलरच्या आसपास विकली गेली अशा बातम्या आल्या.

मावशी : म्हणजे नवं गिऱ्हाईक आणायच्या नादात रोजचं घालवलं.

भाचा : पण तुझ्याकडे डिगसारखी रोज येणारी गर्दी नाही, मावशी. यादीत मोजकी माणसं आहेत.

मावशी : मोजकी आहेत म्हणूनच तर फुकट देणं परवडतं. आणि ज्याची नोंद माझ्या वर्गामुळे लागली, तो त्याच्या गावात, भावकीत सांगणार. सगळी भावकी तोच कागद शोधतेय. तुझी जाहिरात तिथवर पोचते का?

भाच्याकडे याला उत्तर नाही आणि मला वाटतं नसावंच. त्याला अजूनही निम्मी किंमत घ्यावी असं वाटतं, आणि वेगळ्या वस्तूच्या बाबतीत कदाचित त्याचं बरोबर ठरेल. हिशेब ठेवायच्या ॲपची नवी आवृत्ती फुकट वाटणारा माणूस पुढच्या वर्षी ते ॲप चालवायला शिल्लक राहील का, हा प्रश्न रास्त आहे. पण शिकवणं हीच विकायची वस्तू असते तेव्हा न शिकलेला विद्यार्थी हे अपुरं राहिलेलं काम असतं, आणि ते पुरं करायचे वेगळे पैसे मागू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

भाचा : बरं, जुन्यांना फुकट. पण त्यांना एक विनंती करायची. नोंद लागली तर दोन ओळी लिहून द्या, नाव नको असेल तर नुसतं तालुक्याचं नाव. त्या ओळी पानावर जातील.

मावशी : त्यांच्या शब्दांत. तू सजवायच्या नाहीस.

भाचा : नाही सजवणार. आणि नमुन्याचा एक धडा मोकळा ठेवायचा, पैसे न भरता बघता येईल असा.

मावशी : तोंडओळखीचा ठेव. पहिला.

भाचा : पहिला नको. पहिल्यात तू लिपीचा इतिहास सांगतेस, हेमाडपंतांपासून. माझं म्हणणं, बाराखडीतला तो अवघड धडा मोकळा ठेव. जिथे लोक अडतात तिथे तू कसा हात धरतेस ते आधी दिसू दे.

मावशी : अवघड धडा बघून घाबरणार नाहीत?

भाचा : तू नीट केलास तर नाही घाबरणार. म्हणून नवं काही चित्रित करायचं असेल तर आधी तोच कर. दुसरा कॅमेरा हवा असेल तर त्या एका धड्यासाठी आण.

मावशी : आणि पंखा?

भाचा : त्या धड्यापुरता बंद कर.

मावशी : आता पहिली ओळ घे लिहून. ‘कोतवाल बुकातली आणि जुन्या रजिस्टरातली मोडी नोंद स्वतः वाचायला शिका. रोज पाऊण तास, दोन महिने. तुमचा कागद उर्दूत असेल तर हा वर्ग घेऊ नका.’

भाचा : पहिली दोन वाक्यं वर राहू देत. उर्दूचं पहिल्या ओळीत नको, खाली घेतो.

मावशी : किती खाली?

भाचा : किमतीच्या वर.

मावशी : किमतीच्या वर चालेल. किमतीच्या खाली गेलेलं दिसलं तर मी वर्ग उघडणार नाही.